रबरी कोळंबी, भाट्याची खाडी आणि सोलापूरचा रिकामा डबा

माळरान | रविवार, रात्री ११.२०

आत्ताच गाडी दारात लावली. डावा पाय अजून क्लचवरच असल्यासारखा वाटतोय. बर्फाचा डबा तिसऱ्यांदा रिकामा आलाय, म्हणून झोपायच्या आधी हा धागा काढतो.

धंदा टॉवेल-चादरीचा. एकाआड एक शनिवारी पिकअप भरून रत्नागिरीला माल टाकायला जातो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. संध्याकाळी दुकानदारांकडं उधारी मागायची, त्यांची कारणं ऐकायची, रात्री लॉजवर पडायचं, रविवारी परत. उजनीवर दहा वर्षं मरळ मारलीय. तेव्हा वाटलं, येताना सकाळी तीन तास खाडीवर घालवू. खाडी काय, पाणीच की ते.

साहित्य सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. ७ फुटी मिडियम रॉड, ३००० चं रील, २० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, पुढं गळाजवळ ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जाड जोडदोरा. आमिष म्हणजे मऊ प्लास्टिकची कोळंबी, तीन इंची, मिशा-पाय सगळं असलेली, १० ग्रॅमच्या जिग हेडवर, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळावर. जागा भाट्ये पुलाच्या आतल्या अंगाला, तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला. वेळ पहाटे ६ ते ९.

तीन रविवारांची जमा: एक शिंगाळा, तोही बाहेरून पोटाला गळ अडकून आलेला. नावे: सात जिग हेडं आणि खडकावरच्या कालवांनी (शिंपल्यांनी) कापलेला बुटाचा तळवा.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी नऊला आवरायला लागलो की एक आजोबा हातगरी (रॉडशिवायचा नुसता दोरा-गळ) घेऊन यायचे. तिन्ही वेळा. माझ्याकडं बघून "निघालास?" एवढंच विचारायचे आणि मी उठलेल्या दगडावर बसायचे.

काय चुकतंय?

शंकासुर | रविवार, रात्री ११.४१

तेवढ्या डिझेलमध्ये पापलेट आलं असतं. आणि एका रबरी कोळंबीच्या किमतीत पाव किलो खरी.

माळरान | रविवार, रात्री ११.४४

पहिला प्रतिसाद हाच येणार हे माहीत होतं. धन्यवाद.

भीमेकाठचा | सोमवार, सकाळी ७.०५

चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाला यायचं सोडून रत्नागिरीला गेलास, त्यानं रिकाम्या हातानं लावला परत. येळकोट येळकोट.

आता खरं बोलतो. तू उजनीवर माझ्या शेजारीच टाकत होतास, तुझा हात मला ठाऊक आहे. मरळीला रबरी बेडूक पाण्यावर पळवायचा असतो. टाकला, खळ्ळकन आवाज, सरसर ओढला, ती मागनं येऊन गिळते. तीच सवय घेऊन तू खाडीवर गेलास. तू कोळंबीचा बेडूक करलालायस बे. पळणारी कोळंबी बघून मासा म्हणत असेल, हिला काय झालं?

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी १०.१५

माहेर मालवण, सासर सोलापूर. माझ्या काकांनी एकदा अशी रबरी कोळंबी हातात घेऊन आधी वास घेतला होता आणि मग कुत्र्यापुढं टाकली होती. कुत्र्यानंही घेतली नाही. बाकी जाणकार बोलतीलच. मी वाचतेय.

खाजणकर | सोमवार, दुपारी २.३०

माळरान, तुमच्या साहित्यात दोष नाही. उलट आमच्याकडच्या निम्म्या मुलांपेक्षा बरं आहे. मला तीन गोष्टी सांगा.

तिन्ही वेळा तिथी कुठली होती?

कोळंबी गळात कुठून ओवता, डोक्याकडून की शेपटीकडून?

पाण्यात पडल्यावर पहिल्यांदा रील फिरवेपर्यंत किती आकडे मोजता?

माळरान | सोमवार, दुपारी ४.५०

तिथी? मी मासे विचारतोय, मुहूर्त नाही. तरी दुकानात दाते पंचांग खिळ्याला आहेच. आमच्याच गावात छापतात, ते नसेल तर दुकान उघडलं असं कुणी मानत नाही. पानं उलटून बघितलं:

पहिली खेप कार्तिक शुद्ध नवमी. बरोबर, कार्तिकीच्या दोन दिवस आधी, मंगळवेढ्याच्या अलीकडं पंढरपूरच्या दिंड्यांत अडकलो होतो. दुसरी कार्तिक वद्य अष्टमी. तिसरी कालची, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी.

कोळंबी डोक्याकडून ओवतो. पाकिटावर चित्र नव्हतं, मासा डोकं पुढं करून पोहतो म्हणून कोळंबीही तशीच.

आकडे मोजत नाही. पडली की ओढतो.

खाजणकर | सोमवार, रात्री ९.१०

मग तिन्ही उत्तरं एकदमच मिळाली. जेवण करून सावकाश लिहितोय.

आधी तिथी. आमच्याकडं शाळेत जायच्या आधी हे शिकवतात: शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, पहाट-दुपार किंवा सकाळ-रात्र. पूर्ण भरतीपासून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला. हा ठोकताळा आहे, बंदराच्या छापील तक्त्याइतका नेमका नाही, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. पण दगडावर कधी बसायचं ते ठरवायला पुरतो.

आता तुमचा हिशेब. नवमी, पावणेसात. अष्टमी, सहा. सप्तमी, सव्वापाच. म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही पाणी भरतीला चढलेलं असताना उभे राहिलात. तेव्हा कोळंबी, करंदी, बोयटांची पिल्लं सगळी तिवरांच्या मुळांत शिरलेली असतात आणि मोठा मासा त्यांच्या मागोमाग आत. तुम्ही बाहेरच्या रिकाम्या अंगणात गळ टाकत होता, मंडळी घरात जेवत होती.

त्यात पुन्हा सप्तमी, अष्टमी, नवमी हे भांगाचे दिवस. चंद्र-सूर्य काटकोनात ओढतात, त्यामुळं भरती अर्धवट आणि ओहोटीही अर्धवट. पाणी हलतच नाही म्हणा ना. पाणी वाहायला लागलं की कोळंबी वाहते, आणि ती वाहायला लागली की मासा तोंड उघडून बसतो.

आता गंमत बघा. तुमची खेप दर चौदा दिवसांनी. चंद्राचा पंधरवडा पावणेपंधरा दिवसांचा. एकदा तुम्ही भांगाला आलात की पुढची खेपही भांगालाच. नवमी, अष्टमी, सप्तमी, दर वेळी तिथी एकेकाने मागे सरकतेय. असेच येत राहिलात तर माघात कधीतरी आपोआप तृतीया गाठाल. तोवर डबा असाच.

आजोबांचं कोडंही सुटलं. ते घड्याळ लावून येत नव्हते, ओहोटी बघून येत होते. नऊपर्यंत खाजणातलं (तिवरांच्या दलदलीतलं) पाणी बरंच उतरलेलं असतं, चर उघडे पडतात. तुम्ही निघालात की त्यांचा बाजार भरायचा.

बाकीचे दोन मुद्दे उद्या. झोप आली.

भीमेकाठचा | सोमवार, रात्री ९.२५

आयला. टॉवेलच्या ऑर्डरवर भरती-ओहोटी ठरत होती.

शंकासुर | सोमवार, रात्री ९.४०

पंचांग सोलापुरात छापायचं आणि वापरायचं रत्नागिरीत. बरोबरच आहे, सोलापुरात नळाला पाणी कधी येतं ते पंचांगातही नसतं.

माळरान | सोमवार, रात्री १०.००

खाजणकर, मी अक्षरशः डोक्याला हात लावून बसलोय. त्या आजोबांना मी एकदा बिस्कीट दिलं होतं. त्यांनी घेतलं, पण काही बोलले नाहीत.

डार्विनकर | मंगळवार, पहाटे ५.५०

मूळचा जुळे सोलापूरचा, आता उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला. रबरी कोळंबी हा इथला रोजचा विषय, म्हणून लिहितो. इथं बारामुंडी म्हणून ज्याचा डंका आहे तो आपला जिताडाच, गोव्याकडचा चोणक. इथं उधाणाला पाणी जवळजवळ ८ मीटर चढतं-उतरतं. त्यामुळं भरती-ओहोटी न बघता घराबाहेर पडणारा माणूसच मिळणार नाही. ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि नव्या भरतीचा पहिला तास, बाकी वेळ लोक चहा पितात.

खाडीच्या मुख्य पात्रात टाकायचं नाही. खारफुटीतून पाणी बाहेर पडणारे छोटे चर असतात, त्यांच्या तोंडाशी स्वच्छ आणि गढूळ पाण्याची एक रेघ दिसते. त्या रेघेच्या गढूळ बाजूला मासा दबा धरून असतो. कोळंबी रेघेच्या वर टाकायची आणि पाण्यानंच खाली आणू द्यायची.

वजनाबद्दल एक. १० ग्रॅम हे खोल किंवा जोरदार प्रवाहाच्या पाण्याला. कमरेएवढ्या चराला साडेतीन ग्रॅम, फार तर ५. आणि इथं दहातले आठ झटके कोळंबी खाली बुडत असताना बसतात, ओढताना नाही. १० ग्रॅमवर ती बुडत नाही, आपटते.

नियमही सांगतो, कारण इथं दंड कडक. शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरच्या खालचा जिताडा ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही नाही. वरची मर्यादा का, तर जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. थोराड मासा म्हणजे बहुतेक अंडी घालणारी आई.

आणि इथं काठापासून चार पावलं मागं उभं राहायचं असतं. मगरी खाऱ्या पाण्यातल्या आहेत, पाच मीटरच्या.

खाजणकर | मंगळवार, सकाळी ८.१५

डार्विनकर, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. मगरी आमच्याकडंही आहेत, चिपळूणला वाशिष्ठीत. जात वेगळी, तरी माळरान, कधी तिकडं वळलात तर गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरू नका.

आता कोळंबी. कोलंबीवालीकडून एक जिवंत सोलट (कोळंबी) घ्या, पांढऱ्या घमेल्यात खारं पाणी घालून सोडा आणि तोंडासमोर काडी न्या. ती पुढं पळणार नाही. शेपूट पोटाखाली मुडपून एका झटक्यात मागं उडी मारेल, हातभर. मग पाय पसरून सावकाश खाली उतरेल आणि तळाशी तशीच बसून राहील. पुन्हा काडी न्या, पुन्हा तेच. पळणं क्षणभर, थांबणं भरपूर.

म्हणून कोळंबी शेपटीकडून ओवायची. दोरा शेपटीला आला की ओढल्यावर ती मागं उडते, खऱ्यासारखी. तुम्ही डोक्याकडून ओवून तीन रविवार उलटी कोळंबी पळवलीत. माशाला कोळंबी कशी पळते हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ओढायची पद्धत: पडू द्या, दोरा ढिला पडेपर्यंत थांबा. रॉडच्या टोकाला मनगटानं दोन बारीक झटके. मग रॉड खाली आणून फक्त ढील गोळा करा आणि पाच मोजा. पाच म्हणजे खरे पाच, घाईचे नाहीत. डोळा दोऱ्यावर. दोरा बाजूला सरकला, किंवा बुडता बुडता मध्येच थांबला, की समजा घेतली.

कालवांत जिग हेडं तुटतात त्याला उपाय, उघड्या टोकाचं जिग हेड सोडा. पोटाला वजन असलेला वाकडा गळ मिळतो, त्याचं टोक कोळंबीच्या पाठीत जेमतेम लपेल असं टोचायचं. दगडाला घासून निघून येतं, माशानं चावलं की बाहेर पडतं.

कंबरतलाव | मंगळवार, दुपारी १२.२०

एक वाईट अनुभव सांगून ठेवतो, पैसे वाचतील. गेल्या मे महिन्यात माझा आमिषांचा डबा गाडीच्या डिकीत राहिला. सोलापूरचा मे, सांगायला नको. उघडला तर आत एकच गोळा, लाल-हिरवा-चकाकी मिसळलेला, तेल सुटलेला. डब्याचा तळही मऊ झालेला.

आधी उन्हाला दोष दिला. मग कळलं की मऊ आमिषं दोन प्रकारच्या मालाची येतात. एक साधं मऊ पीव्हीसी, दुसरं ताणलं तर हातभर लांबणारं, पाण्यावर तरंगणारं, इलॅस्टोमरचं. ही दोन एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांना विरघळवतात. ऊन नसतं तरी झालं असतं, उन्हानं घाई केली एवढंच. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "पाकिटावर लिहिलंय." पाकीट मी पहिल्याच दिवशी फेकलं होतं.

तेव्हा प्रत्येक प्रकार आपापल्या पाकिटात. कोळंबीची शेपटी वाकडी झाली असेल तर गरम पाण्यात घटकाभर बुडवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची.

माळरान | गुरुवार, रात्री १०.३०

आज नळाला पाणी आलं. हौद भरल्या भरल्या मी चाचणी घेतली. बायको धुणं घेऊन उभी, मी हौदात रॉड घेऊन. पोरगं व्हिडिओ काढत होतं.

आधी जुनी पद्धत. १० ग्रॅम, डोक्याकडून. खडा टाकल्यासारखी तळाला, टक्. पाय हललेसुद्धा नाहीत. मग साडेतीन ग्रॅम, शेपटीकडून, टोक पाठीत लपवून. अण्णासुद्धा खुर्ची ओढून जवळ आले. कोळंबी डोकं जरा वर धरून, डुलत डुलत उतरली. सगळे पाय थरथरत होते. तळाला टेकल्यावरही मिशा हलायच्या थांबल्या नव्हत्या. मनगटाला झटका दिला की मागं उडी, पुन्हा तसंच डुलत खाली. मी पाच मोजेपर्यंत अण्णा म्हणाले, "जित्ती हाय की बे ही."

अण्णांचा दुसरा हातभार जास्त मोठा. माझी ब्रेड आणि लीडरची गाठ दोनदा सुटली होती, ते सांगितलं. अण्णांनी चाळीस वर्षं माग चालवलाय. म्हणाले, आण इकडं. तुटलेला ताणा जोडायची विणकराची गाठ त्यांनी मी डोळे मिटून उघडायच्या आत मारली. मी ओढली, सरकली. पुन्हा मारली, पुन्हा सरकली. सुताला जी गाठ घट्ट बसते ती या गुळगुळीत दोऱ्यावर बसत नाही. अण्णांचं तोंड बघवेना.

मग मी मोबाइलवर एफजी गाठ दाखवली. त्यात लीडरला गाठ पडतच नाही. लीडर ताणून धरायचा आणि ब्रेड त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून असा वीसेक वेळा विणत जायचा. अण्णांनी दोनदा बघितलं, मोबाइल उलटा ठेवला. लीडरचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं दातात धरलं, आणि दोन्ही हातांनी ब्रेड विणायला घेतली. दातातून बोलत होते, "ही गाठ न्हवं रं, हे कापड हाय." वीस वेढे असे शेजारी शेजारी बसले की नखाला फट लागत नव्हती. शेवटी थुंकी लावून ओढली तशी ब्रेडचा रंगच बदलला, आवळली गेली. हौदाच्या कड्याला बांधून मी आणि पोरानं मिळून ओढली. तुटली ती ब्रेड मधूनच, गाठ जागेवर.

आता ते एकामागून एक बांधत सुटलेत. सात झाल्या.

भीमेकाठचा | गुरुवार, रात्री १०.४१

अण्णांना उजनीला घेऊन ये. गाठीमागं एक चिलापी देतो.

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री ११.०२

आज मार्गशीर्षातला गुरुवार. घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला असेल आणि तुम्ही हौदात कोळंबी नाचवताय. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

माळरान | शुक्रवार, सकाळी ९.१५

नमस्कार पोचला. उलटा निरोप आहे: "त्यांना म्हणावं, ती रबराची होती म्हणून सोडलं."

खाजणकर, पंचांग घेऊन बसलोय. येत्या आठवड्यात दत्तजयंतीची पौर्णिमा, त्यानंतर बुधवारी वद्य तृतीया. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. ओहोटी सव्वाआठला तळाला. म्हणजे सव्वासहा ते सव्वाआठ उतरतं पाणी आणि तेही उजाडता उजाडता. बरोबर ना? पौर्णिमेलाच का नको, उधाण तर तेव्हा जास्त?

खाजणकर | शुक्रवार, सकाळी ११.४०

हिशेब चोख. पौर्णिमेला पाणी फार ओढतं, सगळी खाडी चहासारखी होते आणि तळ गाठतं पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे अंधारात. तृतीया-चतुर्थीला जोर थोडा कमी, पाणी जरा निवळलेलं आणि वेळ सोयीची. चतुर्थीला तर नऊ वाजेपर्यंत मिळेल.

माळरान | शुक्रवार, दुपारी १२.०५

चतुर्थी म्हणजे संकष्टी आणि वर मार्गशीर्षातला गुरुवार. घरातून बाहेर काढतील. तृतीयाच.

व्यापाऱ्यांना फोन केले, माल या वेळी मंगळवारी येईल म्हणून. एकानं विचारलं, का? म्हटलं, तिथी बघून काढलाय. तो म्हणाला, उत्तम.

माळरान | गुरुवार, दुपारी १.१०

रात्री साडेबाराला पोचलो. आत्ता जाग आली.

बुधवारी सहाला दगडावर. धुकं होतं. पाणी कालच्या ओल्या रेघेपेक्षा बरंच खाली गेलेलं आणि अजून जातंय हे काठच्या काडीवरून दिसत होतं. मी आधी तीन रविवार जिथं गळ टाकला होता ती जागा आता नुसता चिखल होती, खेकड्यांची बिळं आणि तिवरांची वर आलेली मुळं. तिच्या डाव्या हाताला दोन हात रुंदीचा एक चर, भरतीच्या वेळी कधी दिसलाच नव्हता. त्यातून पाणी बाहेर पडत होतं आणि तोंडाशी ती रेघ, डार्विनकरांनी सांगितली तशी. मधूनच त्या रेघेवर बारीक कोळंब्या ठिणग्यांसारख्या उडायच्या.

पहिला तास काही नाही. पाच मोजायला सांगितलंय, पण माझे तीनच होत होते, हे दहाव्या फेकीला लक्षात आलं. मग मोठ्यानं मोजायला लागलो. सातच्या सुमारास, चारवर असताना, दोरा हलला नाही, थांबला. बुडायचा तो बुडेना. मनगट उचललं. वीतभर गोबरा. सोडून दिला, पण हात थरथरत होते.

मग साडेसातला तांबोशी. ती घेतल्यावर सरळ कालवांच्या खडकाकडं निघाली. उजनीतली मरळ जोर लावते, पण तिला घर कुठं आहे ते असं माहीत नसतं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळून अंगठा दोऱ्याच्या स्पूलवर दाबला, तिथंच थोपवली. लीडर हातभर खरवडला गेला, अण्णांची वीण शाबूत. वर आली तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखी, कल्ल्याजवळ जरा गडद. हॉटेलवाल्याच्या काट्यावर आठशे ग्रॅम.

आणि आठ वाजता तो आला. तिवराखाली भप्प असा आवाज झाला, कुणीतरी बादली पालथी घातल्यासारखा. कोळंबी तिथंच सोडली. दोन झटके, आणि पाच मोजायच्या आतच सगळं रॉड खाली. जिताडा. अख्खा बाहेर उडाला, डोकं दोनदा झाडलं, डोळा निखाऱ्यासारखा चमकला. दुसऱ्या उडीला दोरा हलका. ओढून बघितलं तर लीडर गळाच्या वर चार बोटांवर तुटलेला, कात्रीनं कापल्यासारखा सरळ. गाठ सुटली नव्हती, हे अण्णांना पहिलं सांगितलं.

सव्वाआठला आजोबा आले. हातगरी, पिशवी. मी उठलो नव्हतो. त्यांनी तांबोशी उचलून बघितली, रबरी कोळंबीची मिशी दोन बोटांत धरून ओढून बघितली आणि शेजारच्या दगडावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज बरा आलास."

खाजणकर | गुरुवार, दुपारी २.००

वा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तिनं कापला. पुढच्या वेळी ४० पौंडी लीडर घ्या. आणि उडी मारताना रॉडचं टोक पाण्याकडं झुकवा, दोरा ताणून धरू नका. हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक.

डार्विनकर | गुरुवार, दुपारी २.२०

चूक कसली. पहिला जिताडा तोडूनच जातो, इथंही.

शंकासुर | गुरुवार, दुपारी २.३५

आठशे ग्रॅम. डिझेल भागिले तांबोशी करून कुणी सांगेल का?

शेंगाचटणी | गुरुवार, दुपारी २.५०

त्यापेक्षा मला हे सांगा, आज गुरुवार, वर संकष्टी. ती तांबोशी आहे कुठं?

माळरान | गुरुवार, दुपारी ३.०५

शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये. रात्री साडेबाराला बेल वाजवून दिली. उद्या दुपारपर्यंत त्यांनी ती शिजवली नाही तर आमची.

पंचांगात पौष शुद्ध तृतीयेवर पेन्सिलीनं गोल केलाय. अण्णांनी त्याच्या शेजारी ४० पौंड असं लिहून ठेवलंय.

भीमेकाठचा | गुरुवार, दुपारी ३.२०

पिकअपमध्ये पुढं किती जण बसतात?